कार्डाची रुंदी आणि फळाचा त्याग

मुंबईतले देवनार ज्या एम-पूर्व विभागात येते, तिथल्या दवाखान्यांची माहिती देणारे वेबपान एखाद्या नवशिक्याने करायला घेतले असे समजू. प्रत्येक दवाखान्याचे एक कार्ड: नाव, पत्ता, वेळ. हे पान टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या मोठ्या पडद्यावर उघडेल, तसेच शिवाजीनगरच्या गल्लीतल्या स्वस्त फोनवरही. नवशिका बहुधा रुंदी ४०० पिक्सेल आणि उंची २५० ठरवून टाकतो. त्याच्या पडद्यावर सगळे रेखीव दिसते. फोनवर कार्ड काठाबाहेर जाते, नाव लांबले की तळची ओळ चौकटीबाहेर सांडते किंवा कापली जाते, आणि तळाला असते ती नेमकी दवाखान्याची वेळ. ही केवळ तंत्राची चूक आहे असे मला वाटत नाही. आपण केलेल्या वस्तूच्या अंतिम रूपावर कर्त्याचा हक्क किती, हा गीतेतला प्रश्न तिच्या तळाशी आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली गीता-प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. बाहेरच्या कर्माला आतून चित्ताची जोड मिळाली की त्या कर्माचा भार उरत नाही, असे विनोबा तिथे मांडतात. वेबपानाच्या बाबतीत रूपावरचा हक्क सोडणे असे दिसते: मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस ग्रिडमध्ये किमान रुंदी तेवढी सांगून उरलेली जागा समान वाटायला सांगता येते. एका ओळीत किती कार्डे बसतील ते वाचणाऱ्याचा पडदा ठरवतो. ही दृष्टी नवी नाही. जॉन ऑलसॉप यांनी २००० साली वेबरचनेचा असा विचार ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या आधाराने केला होता. पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या रचनेला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव इथान मार्कोट यांनी त्यानंतर दहा वर्षांनी, २०१० साली दिले.

रूप सोडले की जबाबदारीही सुटते, असा आक्षेप येईल. घडते उलटे. आकडा ठोकून मोकळे होणे सोपे. तो सोडणाऱ्याला लांब नाव कुठे मोडेल, वेलांट्या-उकार कापले जाणार नाहीत इतके ओळींतले अंतर किती, हे आधी पाहावे लागते. २०१८ च्या ‘वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स २.१’ प्रमाणे ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा सरकवावा न लागता वाचता आला पाहिजे. १२८० पिक्सेलच्या पडद्यावर मजकूर चौपट मोठा करून वाचणाऱ्या वृद्धाच्या वाट्याला तेवढीच रुंदी येते. त्याची सोय आणि फोनवाल्याची सोय एकाच कष्टात होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चित्रकार पाहणाऱ्यागणिक चित्र बदलत नाही. खरे आहे, पण चित्रासमोर माणूस चालत जातो. दवाखान्याच्या वेळेला मात्र आजारी माणसाच्या हातापर्यंत पोचायचे असते. शिवाय त्यागालाही मर्यादा हवी. कमाल रुंदी न घातल्यास एकुलते कार्ड मोठ्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणले जाऊ शकते. आणि क्रम तर सोडताच येत नाही. मोठ्या पडद्यावर तीन कार्डे शेजारी-शेजारी, बरोबरीने बसतात. फोनवर एक पहिले आणि एक शेवटचे होतेच. रात्री उघडा असणारा दवाखाना आधी की वर्णानुक्रमे पहिला, हे पडदा ठरवू शकत नाही. ते कर्त्यालाच ठरवावे लागते.