देवास ठाऊक आहे, मग आम्ही कां जावें?

गेल्या पेरणीच्या दिवसांत आमच्या मंडळींतील एका वृद्ध शेतकऱ्यानें उपासना आटोपल्यावर आम्हांस वेशीजवळ थांबविलें. त्याचा थोरला मुलगा दारूच्या नादीं लागून मंडळीपासून दूर गेला आहे. म्हातारा म्हणाला, “पाळकसाहेब, देवाला सगळें आधींच ठाऊक असतें ना? मग माझा पोर परत येणार कीं नाहीं, हेंही त्याला ठाऊक असेल. येणार असेल तर तो येईलच. येणार नसेल तर मी रोज रात्रीं गुडघे टेकून काय मिळवितों?” ह्या विषयावर आम्ही सेमिनरींत पुष्कळ वाचलें होतें, परंतु त्या वेळीं एकही शब्द सुचला नाहीं. आमच्या मनास दुसरीच गोष्ट टोंचीत होती. त्या मुलाच्या दारीं आम्ही स्वतः दोन वर्षांत पाऊल टाकलें नव्हतें, आणि ‘तो निवडलेल्यांपैकीं नसेल’ अशी आपल्या मनाची समजूत घालून घेतली होती.

म्हणून, प्रिय वाचकहो, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. मूल जन्मल्यावर सटवाई रात्रीं येऊन त्याच्या कपाळीं त्याचें दैव लिहून जाते, ही समजूत आपल्या गांवांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. बाप्तिस्मा घेतांना आपण सटवाईस सोडलें. परंतु कित्येकांनीं तिची लेखणी मात्र जपून ठेवून ती देवाच्या हातीं दिली आहे. ‘देवानें आधींच ठरविलें, आतां काय व्हावयाचें?’ असें म्हणणारा मनुष्य नांव ख्रिस्ताचें घेतो, पण भरंवसा कपाळावरच्या रेघेवर ठेवतो.

जाणणें आणि करविणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. टेकडीवर बसलेल्या गुराख्यास खालच्या वाटेनें येणारी बैलगाडी दिसते, आणि वळणापलीकडचा पूर आलेला ओढाही दिसतो. गाडीवानास ओढा अजून दिसत नाहीं. परंतु गुराख्यानें पाहिलें म्हणून बैल ओढ्याकडे जात नाहींत; कासरा गाडीवानाच्याच हातीं असतो. सुमारें ५२४ सालीं बोएथियस नांवाचा रोमी तत्त्वज्ञ तुरुंगांत मरणाची वाट पाहत असतां त्यानें अशाच प्रकारचा विचार लिहून ठेविला. देव अनादि-अनंत आहे. जें आपणांस पुढें होणार, तें त्यास समोर घडत असल्याप्रमाणें दिसतें.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘गुराख्यानें बैल निर्माण केले नव्हते, देवानें तर सर्वच निर्माण केलें.’ हा आक्षेप वजनदार आहे, आणि आम्ही तो झांकून ठेवीत नाहीं. ह्याच वादासाठीं १६१८-१९ सालीं हॉलंडांत डॉर्ट येथें मोठी धर्मसभा भरली, आणि आर्मिनियसाच्या अनुयायांचें मत तिनें अमान्य केलें. पुढें जॉन वेस्ली व जॉर्ज व्हाइटफील्ड ह्या जिवलग सहकाऱ्यांतही ह्याच कारणानें फूट पडली. तरी १७७० सालीं व्हाइटफील्ड वारले, तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ लंडनांत उपदेश करावयास वेस्लीच उभे राहिले. अशा थोरांनीं जें कोडें सोडविलें नाहीं, तें आम्ही एका पानांत सोडवूं म्हणणें गर्वाचें होईल.

तरी एक गोष्ट अगदीं लहान मुलासही पाहतां येते. ज्यास सर्व ठाऊक होतें, तो कसा वागला? यहूदा आपणास धरून देणार हें प्रभूस ठाऊक होतें. तरी त्या रात्रीं त्यानें शिष्यांचे पाय धुतले, त्यांत यहूदाचेही पाय होते. पेत्र आपणास नाकारील हेंही त्यास ठाऊक होतें. म्हणून त्यानें पेत्रास टाकलें नाहीं, तर त्याच्या विश्वासासाठीं प्रार्थना केली. पाणी एकच, धुणारा हात एकच; पण पेत्र रडून प्रभूकडे वळला, आणि यहूदा वळला नाहीं. जाणणाऱ्यानें दोघांवरही प्रीति केली. आणि आम्ही, ज्यांस कांहींच ठाऊक नाहीं, एकाच्या दारावरून मुकाट्यानें पुढें जातों!

करिंथ नगरांत आपले पुष्कळ लोक आहेत, असें प्रभूनें पौलास रात्रीं दृष्टांतांत कळविलें. तें ऐकून पौल स्वस्थ बसला नाहीं. तो तेथें दीड वर्ष राहून शिकवीत गेला. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील कित्येक बाप्तिस्त पाळक मात्र उलटें समजत. देव आपल्या निवडलेल्यांस आणीलच, सर्वांस विश्वासाचें आमंत्रण देणें आपलें काम नव्हे, असें त्यांचें मत होतें. अँड्र्यू फुलर ह्यांनीं १७८५ सालीं पुस्तक लिहून ह्या मताचें खंडन केलें. १७९२ सालीं त्यांनीं, विल्यम केरींनीं व इतर बंधूंनीं मिशनसंस्था स्थापिली, आणि पुढच्याच वर्षीं केरी बंगाल्यांत उतरले. त्यांच्याच श्रीरामपूरच्या छापखान्यांतून १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८११ सालीं मराठी नवा करार बाहेर पडला. फुलर व केरी हे दोघेही देवाची निवड मानणारेच होते. परंतु ती मानून ते घरीं बसले नाहींत, हें आपण विसरूं नये.

त्या दिवशीं आम्ही म्हाताऱ्यास इतकेंच म्हणालों, “बाबा, देवाला काय ठाऊक आहे, तें त्यानें तुम्हांआम्हांस सांगितलेलें नाहीं. पण हरवलेल्याकडे जा, हें मात्र सांगितलें आहे.” संध्याकाळीं आम्ही दोघे मिळून मुलाकडे गेलों. त्यानें घोंगडी अंथरली, पण मान वर केली नाहीं. दोन वर्षें न आल्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागितली.

तो अद्याप उपासनेस आलेला नाहीं. पुढें येईल किंवा नाहीं, हें देवास ठाऊक. आम्ही दर आठवड्यास बाजाराच्या दिवशीं त्याच्याकडे जातों, आणि त्याचा बाप रोज रात्रीं गुडघे टेकतो. उपदेशक बंधूंनो, तुमच्याही वाटेवर असें एखादें दार असेल. देवाच्या ज्ञानाची सबब सांगून त्यावरून पुढें जाऊं नका.