काळाचा लसावि

काळ चक्राकार आहे, या कल्पनेमागे एक साधा हिशेब आहे: निरनिराळ्या गतींचे ग्रह एका स्थानावरून निघाले, तर त्याच स्थानी पुन्हा एकत्र कधी येतील? गुरूची फेरी 12 वर्षांची आणि शनीची 30 वर्षांची धरली, तर 60 वर्षांनी. हा त्या दोन संख्यांचा लसावि. प्रभव ते क्षय हे संवत्सरांचे चक्रही गुरूच्या पाच फेऱ्यांएवढेच आहे.

सगळेच ग्रह हिशेबात घेतले की आकडे फुगतात. आर्यभटाने 43,20,000 वर्षांच्या युगात प्रत्येक ग्रहाचे भगण, म्हणजे फेऱ्या, पूर्णांकात दिले: गुरूचे 3,64,224, शनीचे 1,46,564. फेऱ्या पूर्ण असल्याने युगान्ती सर्व मध्यम ग्रह (सरासरी गतीने धरलेले) मेष राशीच्या आरंभी परततात. पण सर्व ग्रहांच्या भगणांना आणि युगाच्या वर्षांनाही 4 ने भाग जातो. 4 हाच त्यांचा मसावि. म्हणून हे मीलन 10,80,000 वर्षांतच होते. (चंद्रोच्चाच्या 4,88,219 भगणांना मात्र 4 ने भाग जात नाही, ते या मेळाबाहेर राहते.) आर्यभटाने युगाचे चार पाद समान मानले ते या विभाजकाशी तंतोतंत जुळते. स्मृतींमध्ये मात्र कृत, त्रेता, द्वापर आणि कली यांचे प्रमाण 4:3:2:1 आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 च्या ग्रंथात आर्यभटाला या स्मृतिविरोधाबद्दल दोष दिला.

खरा तात्त्विक पेच पूर्णांकांतच आहे. वेधांतून नेमका पूर्णांक हाती येत नाही, तो गणिती ठरवतो. शनीची फेरी 29.46 आणि गुरूची 11.86 वर्षांची घेतली, की 60 वर्षांच्या जागी 17,469.78 वर्षे येतात. आणखी एक दशांश स्थळ घेतले तर उत्तर पुन्हा बदलते. मोजमाप जितके सूक्ष्म, तितके पुनरागमन सहसा लांबते. दोन कालावधींचे गुणोत्तर अपरिमेय असेल, तर सामाईक विभाज्यच उरत नाही. मग ग्रह जुन्या स्थितीच्या हवे तितके जवळ येतील, पण नेमकी तीच स्थिती पुन्हा कधीही येणार नाही.

चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम याने हाच युक्तिवाद फलज्योतिषाविरुद्ध वापरला. गुणोत्तरे अपरिमेय असण्याचीच शक्यता अधिक, असे त्याचे म्हणणे होते. ग्रहस्थिती हुबेहूब परत येणार नसेल, तर मागच्या अनुभवावरून पुढचे फळ वर्तवायचे कसे? तरीही या विषयावरील आपल्या ग्रंथाच्या शेवटी त्याने अंकगणित आणि भूमिती यांचा वाद स्वप्नात अपोलो देवापुढे मांडला आणि निकालाआधीच स्वप्न मोडले.