या खेपेला तरी

ट्रॉम्बे कोळीवाड्यात एका डोहाळजेवणाला गेले होते. सातवा महिना, हिरवी साडी, मोगऱ्याच्या कळ्यांचे बाजूबंद. पाटासमोर दोन वाट्या पालथ्या घातलेल्या, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. ती हात पुढे करणार एवढ्यात तिचा सहा वर्षांचा थोरला बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आला आणि त्यानं दोन्ही वाट्या सुलट्या करून कडेला कड लावून ठेवल्या. पेढ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पालथी वाटी त्याला खपतच नाही. मुलगा स्वमग्न आहे. तेवढ्यात एक फुगा फुटला. तो कान दाबून किंचाळू लागला, तशी आजी त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली.

ओटी भरताना एक म्हातारी म्हणाली, "बाय, या खेपेला तरी सगळं नीट होऊ दे." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. फक्त पाटावरच्या आईची नजर आतल्या दाराकडे गेली आणि तिथंच राहिली.

'तरी' हा शब्द जेमतेम दोन अक्षरांचा. पण मागची खेप फुकट गेली, हे त्यात सांगून झालेलं असतं. होणाऱ्या बाळाला दिलेला आशीर्वाद थोरल्याच्या डोक्यावर निकाल होऊन पडतो. आणि तो ऐकणारी बाई दोघांचीही आई असते.

तिला भीती नसते असं नाही. रात्री कूस बदलताना तीही तेच मागत असेल. भीतीला आधारही आहे. थोरलं मूल स्वमग्न असेल तर धाकट्यात स्वमग्नता आढळण्याचं प्रमाण साधारण पाचात एक, असं 2011 आणि 2024 च्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं. म्हणजे पाचातल्या चौघांत ती आढळत नाही. पोटातल्या बाळाला स्वमग्नता आहे की नाही हे सोनोग्राफी सांगत नाही. काही घरांत जनुकीय सल्ल्याचा उपयोग होतो, तो डॉक्टरांकडून घ्यावा. बाकीच्यांनी तिच्या पोटाकडे पाहून भाकितं करू नयेत.

भाकितांच्या मागोमाग चौकशी येते. "तेव्हा काही गोळ्या घेतल्या होत्यास का?" आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची खोड जुनी आहे. स्वमग्नतेवर लिहिणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात आईच्या थंडपणावर बोट ठेवलं. पुढे तो विचार टाकून दिला गेला, पण तोवर कित्येक आयांनी स्वतःला दोषी मानलं होतं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलवर स्वमग्नतेचा ठपका ठेवला. त्याआधीच, 2024 मध्ये, स्वीडनमधल्या सुमारे 24 लाख 80 हजार मुलांच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध उरला नव्हता. तरीही तापानं फणफणलेली एखादी गरोदर बाई गोळी हातात घेऊन विचार करत बसते. लसीचं तेच. गोवराच्या लसीला स्वमग्नतेशी जोडणारा 1998 चा निबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला, पण धाकट्याची लस चुकवावी का, ही कुजबुज थांबत नाही.

आणखी एक वाक्य आपण प्रेमानं बोलतो: "बरं झालं, थोरल्याला सांभाळायला कुणीतरी होईल." आमच्या माघारी याचं काय, हा आईबापांचा प्रश्न खरा आहे. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा याच काळजीच्या पोटी आला आणि त्यात कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. पण ज्याचं अजून नावही ठेवलेलं नाही, त्याच्या नावानं नोकरीचा कागद का तयार करायचा? धाकट्याला आधी धाकटं तर होऊ द्या.

मग आपण करायचं काय? तिचे दिवस जवळून पाहायचे. सातव्या महिन्यात वीस किलोचं मूल कडेवर घेता येत नाही. ते बिथरलं तर लाथ नेमकी पोटावर बसू शकते. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या रांगेत तिच्यासोबत मुलगा असेल तर दोघांचेही हाल. थेरपीसाठी त्याला सायनला न्यायचं तर मानखुर्दहून हार्बर, कुर्ल्याला गाडी बदलायची. या दिवसांत स्टेशनचा जिना तिच्यासोबत कोण चढणार?

खरी कसोटी बाळंतपणाची. तेव्हा हा मुलगा कदाचित जन्मात पहिल्यांदा आईविना झोपणार असतो. साधं बाळंतपण असो वा सिझेरियन, काही रात्री ती घरी नसणारच. त्याची तयारी आतापासून हवी. मावशीनं आठवड्यातून एक रात्र त्याच्या शेजारी झोपावं. बापानं त्याच्या खाण्यापिण्याची वही लिहावी: वरण बिनफोडणीचं, पेला निळाच, मिक्सर लावण्याआधी सांगायचं, हात धरून ओढलं की पाणी हवंय. ही वही आईच्या डोक्यात असते. दुसऱ्या कुणाला ती पाठ नाही म्हणून आईला आजारी पडायचीही मुभा नसते. बापानं 'मदत' केली म्हणून त्याचं कौतुक करण्याचंही कारण नाही, मूल त्याचंही आहे.

त्या दिवशी निघताना मी आत डोकावले. आजी पदरानं घाम पुसत होती. मुलगा भिंतीशी बसून ओटीच्या सुपाऱ्या एका रेषेत मांडत होता. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं त्यानं एक सुपारी माझ्या हातात दिली. कुठं ठेवायची ते मला कळेना, तर माझं मनगट धरून त्यानं जागा दाखवली.

म्हातारीचा आशीर्वाद मला पुन्हा द्यायला मिळाला तर त्यातला 'तरी' तेवढा गाळीन. आणि पुढच्या 9 तारखेला सकाळी तिथंच, त्या सुपाऱ्यांपाशी जाऊन बसेन.