दूत कोणाचा?

लातूरच्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा धडा आला की एखादं पोरगं विचारायचंच, "बाई, निजाम स्वतंत्र राहिला असता तर?" इतिहासात जर-तरला जागा नाही, असं म्हणून मी पान उलटायची. आता निवृत्त होऊन नांदेडला लेकीकडे राहते, आणि ते पान पुन्हापुन्हा समोर येतं. कारण त्या 'तर'मध्ये एक माणूस खरोखर वावरून आला होता.

त्यांचं नाव मोईन नवाज जंग. निजामाचे मंत्री. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली, आणि ती मांडायला हे शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला गेले. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १६ तारखेला परिषद बसली आणि ते एका स्वतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून बोलले. १७ तारखेला निजाम शरण आला. २२ तारखेला त्याचीच तार गेली, तक्रार मागे घेतली म्हणून. आठवडाभरात त्यांच्या पाठीमागचा देशच उरला नाही.

मधल्या काळात, २० सप्टेंबरला, लंडनच्या बँकेतले निजाम सरकारचे १० लाख ७ हजार ९४० पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळते झाले. वळते करणारे मोईन नवाज जंगच. माझी संमती नव्हती, असं निजामाने लगेच कळवलं. खटला इतका चालला की २०१९ साली लंडनच्या न्यायालयाने भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती.

मी त्यांना लबाड म्हणणार नाही. निष्ठा होती, असंच धरून चालते. पण ज्या राज्याने पाठवलं तेच राहिलं नाही, तर दूताने कोणाशी इमान राखायचं? हा प्रश्न धर्माचा आहे, आणि आपल्याकडे तो धर्मग्रंथातच भेटतो.

महाभारतातली कृष्णशिष्टाई आपण भर सभेतल्या भाषणासाठी लक्षात ठेवतो. मला तिचा आधीचा भाग मोठा वाटतो. हस्तिनापूरला निघण्यापूर्वी कृष्ण एकेकाचं ऐकून घेतो. युधिष्ठिराचं, अर्जुनाचं, नकुल-सहदेवाचं. एरवी गदेशिवाय न बोलणारा भीम त्या दिवशी सामोपचाराचं बोलतो, तेही ऐकतो. शेवटी द्रौपदी मोकळे केस हातात धरून पुढे येते. ती काय म्हणते ते ऐकल्यावर मग रथ निघतो. शिष्टाई फसली, युद्ध झालं. तरीही कृष्ण दूत म्हणून खोटा पडला नाही, कारण तो ज्यांच्या वतीने बोलला त्यांना त्याने विचारलं होतं.

हैदराबादच्या वतीने पॅरिसमध्ये बोलणं झालं, तेव्हा कोणाला विचारलं होतं? त्या दिवशी मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी दीडेक कोटी माणसं संस्थानात होती. 'हैदराबाद' म्हणजे ही माणसं, की एक सिंहासन?

माझी आजी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात होती. भारतीय फौजांच्या त्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, वारं फिरलं, आणि शेजारच्या मुसलमान शिंप्याची बायको भेदरून तिच्या दारात आली. गावच्या पाटलाकडे जाऊन आमच्यासाठी शब्द टाका म्हणाली. आजी पदर खोचून उठली आणि उंबऱ्यातच थांबली. "आदी तुला काय पाहिजे ते सांग, बाई. म्या माझ्या मनचं बोलणार नाही." भाभीने सांगितलं, जीव वाचावेत, आणि शिवणाची मशीन कोणी नेऊ नये, पोरांचं पोट तिच्यावर आहे. आजी पाटलासमोर तेवढंच बोलली. भाभी, पोरं आणि मशीन वाचली. शेतावर गेलेला शिंपी मात्र परत आला नाही.

पंडित सुंदरलाल समितीने ज्या जिल्ह्यांत त्या दिवसांत सर्वांत जास्त मुसलमान मारले गेले म्हणून नोंदवलं, त्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही, ज्यात तेव्हा लातूर यायचं. आधी रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांनी निजामाच्या नावाने आमची गावं जाळली होती. मग आमच्या नावाने शिंपी मारला गेला. दोन्ही वेळा माझ्या आजीला कोणी विचारलं नव्हतं. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंड्याला मी मनापासून वंदन करते. ती मुक्ती होतीच. पण त्या वंदनात शिंप्याचीही आठवण असते.

दूताचं इमान राजाशी नसतं, खजिन्याशी तर नाहीच. ज्यांच्या वतीने तोंड उघडायचं, त्यांच्याशी असतं. ती माणसं राज्य बुडालं तरी उरतात. म्हणून कान आधी आणि जीभ नंतर, हाच त्याचा धर्म.

आता ते पोरगं भेटलं तर मी पान उलटणार नाही. त्याला म्हणेन, बाळा, तुझा 'तर' थोडा अलीकडे घे. पॅरिसला निघण्याआधी तो नवाब आमच्या गावच्या पारावर येऊन बसला असता तर? मी तिथं काय सांगू, असं त्याने एकदा विचारलं असतं तर? आजीकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं.