डांबराचा आपद्धर्म

गच्चीला भेग पडली असता तीवर कढत डांबर ओतून वाळू पसरण्याची जी रीत पावसाळ्याच्या तोंडी आपल्याकडे दिसते, तिचा धर्मदृष्ट्या विचार करणे कुणास अप्रस्तुत वाटेल. परंतु दोष झाकणे आणि दोष दूर करणे यांत अंतर कोठे पडते, हा प्रश्न मला या काळ्या द्रव्याइतका दुसऱ्या कशाने स्पष्ट झालेला नाही.

दृष्टीआड असणे म्हणजेच असत्य, असे मात्र नव्हे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचे उत्खनन झाले तेव्हा विटांच्या दोन भिंतींच्या मधोमध नैसर्गिक डांबराचा सुमारे इंचभर जाड थर आढळला. हजारो वर्षे तो कुणाच्या नजरेस पडला नाही, तरी त्या गवंड्यांवर लपवाछपवीचा आरोप कोण करील? विटा जिप्समच्या लेपात घट्ट बसविलेल्या होत्या आणि डांबराकडे त्याच्या स्वभावास अनुरूप एवढेच काम सोपविले होते, की पाणी अडवावे. जोत्याच्या ओलीवर आणि कठड्याच्या सांध्यात आजही ते हेच काम निष्ठेने करते.

उलट, ओल मुरलेल्या स्लॅबवर ते फासले की पाणी आतच कोंडते. उन्हाने त्याची वाफ होऊन थराला फोड येतात, सळया गंजतात, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापीत असल्याने छताचे पापुद्रे खाली निजलेल्यांच्या अंगावर सुटतात. अशा घराचे खरेदीखत करून देताना मालक ते आवरण दाखवून ‘दुरुस्ती झाली आहे’ म्हणतो, तेव्हा ते डांबर उघड्यावर असूनही खोटी साक्ष देत असते. साधी दक्षता बाळगूनही खरेदीदारास न कळणारा मोठा दोष विक्रेत्याने आपण होऊन सांगावा, असे बंधन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने घातले आहे; मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही पापक्षालनाची साधने सांगताना तपाच्या अगोदर पापाचे कथन गणले आहे. दिवाणी न्याय आणि धर्मशास्त्र येथे एकाच मुद्द्यावर येतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मग आषाढात अंथरुणावर धार लागली असता भाडेकरूने त्या भेगेत डांबर भरले तर? त्यास मी निर्दोष मानतो. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र प्रकरणच आहे. संकटात नित्याचे नियम शिथिल होतात, पण संकटापुरतेच. म्हणून कार्तिकात गच्ची ठणठणीत कोरडी झाली की ती पट्टी खरवडावी, भेग तळापर्यंत उघडी करावी, गंजलेली सळई घासावी किंवा बदलावी, सिमेंटने भेग बुजवावी, आणि डांबर फासायचेच असेल तर ते त्यानंतर.