न विचारण्याचे पैसे

आज एक तारीख. पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि त्याच्या मागोमाग गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी, सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल असे वजाबाकीचे मेसेज रांगेने येतात. पूर्वी पगार पाकिटातून घरी यायचा आणि देणेकरी नंतर दाराशी यायचे. आता त्या दोघांची गाठ परस्पर बँकेत पडते आणि घराला नुसते कळवले जाते. म्हणूनच असेल, एक तारखेला बऱ्याच घरांत ठरते की या महिन्यापासून खर्चाचे ॲप वापरायचे.

जरूर वापरावे. ॲपने एक कंटाळवाणे काम खरोखरच हलके केले आहे. घरखर्चाची वही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, तेव्हा तिच्यात मेथीची जुडीसुद्धा भावासकट असते. संक्रांत उलटली की दोन-दोन दिवसांचे एकदम लिहिले जाते, आणि फेब्रुवारीत ‘किरकोळ – ८००’ अशी नोंद दिसली की समजावे, वही आता फार दिवस काढत नाही. ज्या घरांत हिशोब टिकला तिथे तो बहुधा भिंतीवर टिकला. १९७३ साली कालनिर्णय निघाले आणि दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींची सुट्टी, पेपरवाल्याचे बिल हे सगळे त्याच्या चौकटींत जाऊन बसले. येता-जाता नजरेला पडते, पेन शेजारी दोरीने बांधलेले असते आणि लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही. ॲपने तेही अर्धे मिनिट वाचवले. बँकेचा एसएमएस वाचून ते नोंद आपली आपणच करते.

ती नोंद ते कुठल्या खात्यावर टाकते, हे मात्र एकदा सवडीने पाहावे. भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर त्याचे स्वतःचे किंवा त्याच्या भावाचे नाव असते, म्हणून दोडकी आणि कोथिंबीर ‘व्यक्तीला पाठवलेले पैसे’ या सदरात जातात. मेडिकलमधून टूथपेस्ट आणि चॉकलेट आणले तरी ते ‘आरोग्य’. सुपरमार्केटच्या एकाच बिलात तांदूळ, चादर आणि भाच्यासाठी घेतलेली खेळण्यातली मोटार असते, ॲपला सगळाच किराणा दिसतो. क्रेडिट कार्डाने खरेदी केली तेव्हा एकदा आणि कार्डाचे बिल भरले तेव्हा पुन्हा, असा एकच खर्च दोनदा धरला जाण्याची शक्यता असते. भिशीचे तर विचारूच नका. दर महिन्याला दोन हजार ‘गेले’, आणि नंबर लागला की चोवीस हजार ‘उत्पन्न’! एटीएममधून तीन हजार काढले एवढे त्याला ठाऊक, पुढचे आपल्यालाच ठाऊक. या दुरुस्त्या करता येतात आणि आठवड्यातून एकदा बसून त्या कराव्यातच. नाहीतर महिनाअखेरीला दिसणारा तो रंगीत गोल दिसायला सुरेख आणि आतून पक्का थापाड्या असतो.

पण समजा, सगळी खाती नीट लावली. तरी ॲपचा एक स्वभाव उरतोच. जे वारंवार घडते तेच त्यात ठळक होऊन बसते. चहा, रिक्षा, वडापाव, इस्त्री, पुन्हा चहा. २०१६ साली यूपीआय आले आणि हळूहळू दहा-दहा रुपयांची देणीसुद्धा तारीख-वेळेसकट नोंदली जाऊ लागली. स्क्रीनवर बोट फिरवत गेले की वाटते, घराचे पैसे जातात ते यातच.

थोडे जातात, हे खरे आहे. नोट मोडताना हात जरा अडखळतो, स्कॅन करताना अडखळत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बंद बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे ज्यांना सांगितले, त्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या आसपास गेली. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड लागायला तेव्हा बराच अवकाश होता.

तरीही घराचे गणित चहाने कोलमडत नाही. ते कोलमडते जूनमध्ये. शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश, रेनकोट हे सगळे एकाच पंधरवड्यात अंगावर येते. त्याआधी एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू, तूरडाळ, तिखट-मसाला भरून झालेले असते. पुढे गणपती आणि दिवाळी, मध्येच मालमत्ता कर, गाडीचा विमा, नात्यातल्या लग्नाचा आहेर. ‘या महिन्यात जरा जास्तच झाले’ असे आपण म्हणतो. वर्षातले बहुतेक महिने कुठल्या ना कुठल्या कारणाने ‘जरा जास्तच’ झालेले असतात, हे मात्र ध्यानात येत नाही, कारण दर वेळी कारण नवे असते.

देशातल्या कुटुंबांचा खर्च मोजणाऱ्या सरकारी यंत्रणेला हे पक्के ठाऊक आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची माणसे घरी येतात तेव्हा सगळ्या खर्चाला एकच माप लावत नाहीत. भाजी, फळे, अंडी, मासे, खाद्यतेल यांचे गेल्या ७ दिवसांचे विचारतात. धान्य, डाळी, इंधन, घरभाडे यांचे ३० दिवसांचे. कपडे, पादत्राणे, शिक्षण, इस्पितळात भरती होण्याचा खर्च आणि टिकाऊ वस्तू यांचे ३६५ दिवसांचे. मग सगळे महिन्यावर आणून आकडा काढतात. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात दरडोई मासिक खर्च शहरी भागात सरासरी ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागात ४,१२२ रुपये निघाला. त्या आकड्यात दिवाळीची साडी आणि जूनची फी आपापल्या बाराव्या हिश्शाने बसलेली आहे. आपल्या फोनमधला महिना मात्र एक तारखेला कोरा सुरू होतो आणि तीस-एकतीसला मिटतो.

तेव्हा पहिले काम कागदावर करावे. एखाद्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून वर्षाच्या खर्चाची यादी काढावी. समजा, मुलांची फी ४८,०००, आयुर्विमा आणि आरोग्यविमा मिळून २४,०००, गणपती-दिवाळी २०,०००, साठवणीचे धान्य आणि मसाला १८,०००, मालमत्ता कर ६,०००, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००. बेरीज १,२०,०००. म्हणजे दर महिन्याचे १०,००० रुपये खर्च झालेलेच आहेत, दिसत नाहीत इतकेच. ते एक तारखेलाच वेगळ्या खात्यात किंवा रिकरिंगमध्ये टाकले, की उरलेल्या पैशांत महिन्याची तोंडमिळवणी होते का, हे प्रथमच खरे कळते. आजीच्या पिढीतल्या बायका दुधाचे, वाण्याचे, फीचे पैसे वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून ठेवत आणि एका पुरचुंडीचे दुसरीत जाऊ देत नसत. पैसा सगळा सारखाच, मग ही विभागणी कशाला, असे शिकलेली माणसे विचारत. माणसे मनातही अशीच खाती पाडतात, हे रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडले, आणि २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

ही वर्षाची बैठक बहुतेक घरांत होत नाही. होते ती छोट्या खर्चांची उलटतपासणी, आणि ॲप तिला आयता पुरावा पुरवते. नवरा-बायकोने ॲप जोडून घेतले, की ऑफिसात बसल्या-बसल्या कळते : पार्लर, ६५०. संध्याकाळी चहा घेताना प्रश्न येतो, “आज गेली होतीस का कुठे?” प्रश्न साधाच असतो. पण विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आहे, हे दोघांनाही माहीत असते.

एका ओळखीच्या घरी मुलाने काळजीपोटी वडिलांच्या फोनमध्ये असे ॲप घालून दिले. पुण्यात बसून त्याला नाशिकचा खर्च दिसू लागला. एकदा फोनवर तो सहज म्हणाला, “बाबा, मिसळ फार होतेय हं या महिन्यात. शुगर आहे ना तुम्हाला?” पुढच्या महिन्यात मिसळ ॲपमधून नाहीशी झाली. बाबा एटीएममधून रोख काढू लागले होते. मुलाला आता मिसळही कळत नाही आणि औषधांचा खर्चही नीट कळत नाही, कारण बाबा तोही रोखच करतात.

बाईने हिशोब द्यायचा आणि पुरुषाने तो घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यातूनच तांदळाच्या डब्यातले पैसे जन्माला आले. वाणसामानातून, भाजीतून दोन-पाच रुपये मागे टाकायचे आणि कुणाला सांगायचे नाही. भावाच्या लग्नात, मुलीच्या सहलीला, कधी नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा तेच पैसे बाहेर येत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि असे कितीतरी डबे सगळ्यांसमोर उघडावे लागले. काही घरांत हसू झाले. काही घरांत “एवढे आले कुठून?” असा सूर लागला. हाच प्रश्न प्राप्तिकर खात्यानेही विचारला होता. त्यावर प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने २०२१ साली एका गृहिणीच्या बाजूने निकाल दिला : नोटाबंदीच्या काळात गृहिणीने बँकेत भरलेली अडीच लाखांपर्यंतची रोकड हे तिचे अघोषित उत्पन्न मानता येणार नाही. घरखर्चातून मागे टाकलेला पैसा ही बचतच, हे न्यायाधिकरणाला पटले. घरातल्या माणसांनाही पटायला हरकत नसावी.

डबा लपवावा लागत होता, यात चांगले काही नव्हते. पण थोडे पैसे असे असायचे, की ज्यांचे कारण कुणाला सांगावे लागत नसे. बहिणीला गुपचूप दिलेले हजार, मैत्रिणीबरोबर खाल्लेली पाणीपुरी, आवडले म्हणून घेतलेले एखादे पातळ. मोठ्या माणसाला एवढी मोकळीक लागते. लग्न झाले, वय झाले किंवा पगार थांबला, म्हणून ती लागायची थांबत नाही. मुलांना पॉकेटमनी देताना आपण मोठ्या उदारपणे म्हणतो, ‘तुझे पैसे, तू ठरव’. तेच बायकोला, नवऱ्याला, सासूबाईंना म्हणताना मात्र जीभ अडखळते.

आणि बघणारे फक्त घरातलेच असतात असेही नाही. आपले एसएमएस वाचून हिशोब ठेवणारे ॲप फुकट कसे परवडते, असा प्रश्न एकदा मनात यायला हवा. खर्चाची नोंद ठेवणारे वॉलनट हे ॲप आपल्याकडे बरेच लोकप्रिय होते. २०१८ साली कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने ते विकत घेतले. त्यात गैर काही नाही. धंद्याची वाट तिकडे वळते, एवढे लक्षात ठेवावे. अमेरिकेत गाजलेले मिंट तर मार्च २०२४ मध्ये बंदच झाले. परवानग्या वाचून द्याव्यात आणि वर्षाचा हिशोब आपल्या हाताने दुसरीकडे उतरवून ठेवावा, इतकी खबरदारी पुरे.

तेव्हा ॲप घ्या, हवे तर एकमेकांचे जोडूनही घ्या. त्यात वर्षाच्या खर्चाचे सदर सर्वांत आधी उघडा. मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाने एकेक सदर उघडा, आई-वडिलांच्या नावानेही. रक्कम परवडेल ती ठेवा, पाचशे असो की पाच हजार, पण नवऱ्याची आणि बायकोची सारखी असू द्या, कमावणारा एक असला तरी. ती रोख द्या किंवा यूपीआय लाइटमध्ये भरा. त्यातले छोटे व्यवहार बँकेच्या पासबुकात एकेक करून उमटत नाहीत, भरलेली रक्कम तेवढी दिसते. ॲपमध्येही तेवढीच एक नोंद ठेवा, आणि पुढे त्या पैशांचे काय झाले ते विचारू नका.