सवलत स्वीकारण्याची लाज कशाला?

रमजानमध्ये आपल्या कित्येक घरांत घरची गर्भवती सून डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोजा ठेवत नाही. पण दुपारी जेवते ती स्वयंपाकघराचे दार लोटून. पावलांची चाहूल लागली की ताट सरकवते. तिला कोणी बोलते असेही नाही. आम्ही नवव्या महिन्यातही रोजे चुकवले नव्हते, एवढे एखाद्या वडीलधाऱ्या बाईचे सहज उद्गार पुरेसे होतात. वाचकहो, जी सवलत खुद्द अल्लाहने दिली, ती स्वीकारताना श्रद्धावंत स्त्रीने मान खाली का घालावी?

रोजे अनिवार्य करणाऱ्या सूरह बकरातील आयतींतच आजारी व प्रवासी यांना ते इतर दिवसांत पूर्ण करण्याची मुभा आहे, आणि अल्लाहला तुमची सोय हवी आहे, अडचण नव्हे, असा खुलासाही तेथेच आहे. हदीसनुसार गर्भवती व अंगावर पाजणारी माताही या मुभेत येतात. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवास अपाय होण्याची रास्त भीती असेल तर तिने रोजा ठेवू नये, यावर चारही फिक्ही पंथांत एकमत आहे. मतभेद आहे तो भरपाईविषयी. हनफी पंथानुसार नंतर कजा रोजे ठेवणे पुरेसे. कोकणातील आपले बांधव ज्या शाफई पंथाचे अनुयायी आहेत त्यात, भीती केवळ बाळापुरती असेल तर कजासोबत दररोजचा फिदियाही द्यावा लागतो.

हिजरी सन ८ च्या रमजानमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) मक्केकडे निघाले होते. कुराअ अल-गमीम येथे पोहोचेपर्यंत सर्वांचा रोजा होता आणि लोकांना तो जड जात होता. अस्रनंतर प्रेषितांनी (स.) पाण्याचे भांडे मागवले, सर्वांना दिसेल इतके उंच धरले आणि मग ते प्याले. तरीही काहींनी रोजा चालूच ठेवल्याचे कळले, तेव्हा त्यांनी त्यांना अवज्ञा करणारे म्हटले. प्रेषितांनी (स.) सवलत लपवली नाही, उलट ती सर्वांना दाखवून घेतली. आपण मात्र ती दाराआड ढकलली आहे.

याचा अर्थ रोजा ठेवणारी गर्भवती चुकते, असा नव्हे. प्रकृती उत्तम असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर तो तिचा हक्क आहे. भीतीही मनाला वाटली म्हणून चालत नाही. तिला अनुभवाचा वा वैद्यकीय मताचा आधार हवा. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता, म्हणजे हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी. तेव्हा निर्णयाआधी रक्ताची तपासणी हवीच. लोहाची गोळी रमजानमध्येही बंद करू नये, आणि इफ्तारच्या चहाबरोबर तर घेऊच नये. चहामुळे लोह अंगी लागत नाही. रोजा असताना भोवळ आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडून दवाखाना गाठावा.

हजरत मरयम (अ.) यांच्या प्रसूतीचा प्रसंग आठवावा. खजुरीच्या बुंध्याशी कळा सोसणाऱ्या त्या मातेला खजूर खाण्याचा व पाणी पिण्याचा आदेश मिळाला. आणि तिला ज्या रोजाचा नवस बोलायला सांगितले गेले, तो मौनाचा होता, उपाशी राहण्याचा नव्हे.

आता थोडे पुरुषांसाठी. सुनेला रोजातून मोकळीक मिळते, चुलीपुढून नाही. पहाटे सहरीसाठी तीच उठते, अस्रनंतर भजी तळायला तीच उभी असते. ज्यांच्या जीवनाचा आदर्श आपण मानतो ते प्रेषित (स.) घरच्या कामांत हातभार लावत, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे, त्याची आठवण आपल्याला इतर सुन्नतींच्या मानाने कमीच होते.

आणि कजाचे काय? प्रसूतीनंतर दूध पाजण्याचा काळ, कधी लगेच पुढचे गर्भारपण. रोजे साचत जातात. रमजानचा रोजा साऱ्या घरासोबत असतो, कजाचा रोजा तिच्या एकटीचा, घरात इतरांची जेवणे चाललेली असताना. हिवाळ्यातले दिवस लहान असतात. त्या दिवसांत पतीने तिच्या बरोबरीने नफल रोजा ठेवला, तर सहरीला तिला एकटीला उठावे लागणार नाही.